पाऊणकी आणि पापलेट

गरी टाकून बसलेल्या माणसाला मासा लागला तर ते त्याचं कसब असतं आणि नाही लागला तर ती चंद्राची करणी असते. हा कायदा कुठे लिहून ठेवलेला नाही. तरीही देवगडच्या जेटीपासून वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत तो इतका काटेकोर पाळला जातो, की मत्स्यव्यवसाय खात्याला त्याचा हेवा वाटावा. रिकामी पिशवी काखेत मारून परतणाऱ्या माणसाला "काय गावला काय?" असं विचारू नये हे सगळ्यांना कळतं आणि विचारतातही सगळे. उत्तर तयारच असतं. पौर्णिमा असली तर, "चांदण्यात मासो खाता खय?" अमावास्या असली तर, "पाण्याक नुसती वड." अष्टमी असली तर, "भांग आसा, पाणी चलत नाय." मधल्या तिथींना उधाण एक तर चढत तरी असतं, नाही तर उतरत तरी असतं, आणि दोन्ही गोष्टी माशाला मानवत नाहीत. थोडक्यात, पंधरवड्यात असा एकही दिवस उरत नाही की ज्या दिवशी दोष गरी धरणाऱ्याकडे यावा.

चंद्र यावर काही बोलत नाही. 3,84,400 किलोमीटरवरून बोलला तरी जेटीवरच्या माणसांनी ऐकून घेतलं नसतं.

पण गंमत अशी, की ज्यांचं पोट समुद्रावर चालतं ती माणसं चंद्राचं नाव घेतात तेव्हा बहाणा करत नसतात. ती वेळापत्रक वाचत असतात. आपल्याकडच्या जुन्या लोकांना भरतीची वेळ कुणाला विचारावी लागत नसे, कारण त्यांना पाऊणकी पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी ही शाळेतली कटकट कशासाठी होती, याचं एकमेव पटण्यासारखं उत्तर समुद्राकडे आहे. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ हातात. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठाचे सहा. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागा. भरती दिवसातून दोनदा येत असल्याने हाच आकडा पहाटेलाही चालतो आणि दुपारलाही. कागद नको, मोबाईल नको, रेंज तर नकोच नको.

कुणी हिशेबी माणूस इथे बोट ठेवील. पंधरा तिथींची पाऊणपट होते सव्वाअकरा, आणि पौर्णिमेची भरती मुंबईच्या किनाऱ्याला येते साधारण बाराला. मधला पाऊण तास गेला कुठे? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि आपण त्याला पंचेचाळीसच मिनिटांची सवलत दिलेली असते, तिथे ही तूट पडते. पण ज्या मुलखात एसटी "आता येतलीच" असं सांगून दीड तासाने येते, तिथे पंधरवड्यातून पाऊण तास इकडेतिकडे झाला तर समुद्राला कोण जाब विचारणार?

बाकीचं शास्त्र फार अवघड नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघे मिळून पाणी ओढतात; यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच, पण नाव दोघांचं. त्याचं उधाण होतं. अष्टमीला दोघे काटकोनात उभे राहतात आणि एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीला मारते. घरातली दोन मोठी माणसं एकमेकांशी काटकोनात वागू लागली की सगळं घर जसं आवाज न करता वावरतं, तसं पाणी वावरायला लागतं. हा भांग. आणि सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशी येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. एवढा मोठा समुद्र, निरोप पोचायला वेळ हा लागणारच.

मुंबईच्या वृत्तवाहिन्यांना मात्र हा निरोप कधीच नीट पोचलेला नाही. दर पावसाळ्यात उधाणाच्या आदल्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं धावू लागतात : "उद्या समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार!" हा आकडा लाटेचा नसतो. भरतीचं पाणी नकाशावरच्या ठरावीक शून्यरेषेपासून किती वर चढेल, याचा तो असतो. लाट त्या पाण्यावर जी काय यायची ती वारा पाहून वेगळी येते. पण "उद्या पाण्याची पातळी 4.8 मीटर" असं सांगितलं तर मरीन ड्राइव्हवर चिटपाखरू फिरकणार नाही, आणि भुट्टेवाल्याचं नुकसान कोण भरून देणार? म्हणून लाटा. लोक मुलाबाळांना घेऊन सोळा फुटी लाट बघायला जातात, कमरेएवढी बघून येतात, आणि "यंदा समुद्रात दम नाही" असा शेरा मारतात. पालिकेला त्या आकड्याची धास्ती असते ती निराळ्याच कारणाने. नेमकी भरती आणि धो धो पाऊस एका वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही आणि हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाणी साचतं.

चंद्राची नोकरी खरी कशी चालते, हे पाहायचं तर वर्सोवा, वसई, अर्नाळा, करंजा या बाजूला जावं. तिथे डोल. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक निमुळतं जाळं. ते माशाच्या मागे धावत नाही. समुद्रात खुंटाला किंवा नांगराला बांधून ते पाण्याच्या ओढीसमोर तोंड वासून उभं करायचं आणि वाट बघायची. पाणी आत शिरतं, मागून निघून जातं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आतच राहतात. बोंबील हा तसाही कुणाशी वाद न घालणारा, पाणी नेईल तिकडे जाणारा मासा. उधाणात पाण्याला ओढ जबरदस्त, म्हणून डोल टरारून फुगते. भांगात पाणी इतकं मऊ होतं की जाळ्याचं तोंडच नीट उघडत नाही. मग होड्या किनाऱ्याला लागतात, पुरुष फाटकी जाळी मांडीवर घेऊन बसतात, आणि बांबूंच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील उन्हात वाळत राहतात. इथे चंद्राला जोतिषात गोवायचं कारण नाही. तो मुकादम आहे. महिन्यातून दोनदा कामाला जुंपतो, दोनदा सुट्टी देतो, आणि सुट्टीचा पगार देत नाही.

उधाणाच्या ओहोटीला आणखी एक वर्ग कामाला लागतो. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली उतरते, आणि एरवी पाण्याखाली राहणारे खडक त्या दिवशी उघडे पडतात. भरती बाराला, म्हणून ओहोटी सहाच्या सुमाराला. पहाटेच्या अर्धवट उजेडात बायका लुगड्याचा काष्टा आवळून, हातात टोचणं आणि डोक्यावर टोपली घेऊन कालवं काढायला निघतात. खडकाला चिकटलेलं कालव कुठल्या कोनातून टोचलं की एका ठोक्यात उघडतं, हे ज्याने पाहिलंय त्याने "अकुशल कामगार" हा शब्द पुन्हा वापरू नये. पाणी पायाला लागलं की त्या मागे वळतात. कुणाच्याही मनगटावर घड्याळ नसतं.

आता उजेडाचा मुद्दा. बांगडा आणि तारली थव्याने वर येतात ती काळोखात. चांदण्यात जाळं माशाला दिसतं, असं मच्छीमार सांगतात, आणि ते खोटं मानायला जागा नाही, कारण चांदण्यात ते आपल्यालाही दिसतं. शिवाय काळोखात एक फायदा असा, की थवा हलला की पाण्यातले सूक्ष्म जीव चमकतात आणि निळसर लकाकीने मासा स्वतःच आपला पत्ता देतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या अमावास्येच्या आसपासच्या रात्रींना भाव होता.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मासा उजेडाकडे येतो, तर आपणच चंद्र का होऊ नये? होडीवर जनरेटर चढला, एलईडी दिव्यांच्या माळा लागल्या, पाण्यात प्रकाशाचा खांब उभा राहिला. त्याच्याभोवती मासा गोळा झाला की पर्ससीनच्या जाळ्याचा फास आवळायचा, झालं. यातही खरा चंद्र आड येतोच. पौर्णिमेला आकाशातून फुकटचा उजेड सगळीकडे सांडलेला असताना या दिव्याला कोण विचारतो? म्हणून एलईडीवाल्यांनाही अमावास्याच लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये या दिव्यांवर बंदी घातली. तेव्हापासून हे दिवे कायद्याने विझलेले आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून काळोख्या रात्री क्षितिजावर जे शहर वसल्यासारखं दिसतं, ते बहुधा दृष्टिदोषामुळे. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्याने यावर केलेला हिशेब असा : "खरो चंद्र पंधरा दिसांन रजा तरी घेता. ह्यो रजाच घेत नाय."

कुर्ल्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. मुंबईकडे चिंबोऱ्या म्हणा, आमच्याकडे कुर्ल्या म्हणा, एका बाबतीत सगळ्या किनाऱ्याचं एकमत आहे : पौर्णिमेची पोकळ, अमावास्येची भरलेली. असं का, तर त्याची कारणं दर वाडीत वेगळी. आमच्या बाजारातल्या मावशींच्या मते चांदण्यात कुर्ली आपलीच सावली बघून भिते आणि भीतीने रोडावते. दुसरीचं म्हणणं, चांदणं पडलं की त्या खायचं सोडून फिरायला जातात. दोन्ही कारणं मला माणसांच्या बाबतीत तपासून पाहावीशी वाटतात.

कुर्ली पोकळ असते ती कात टाकल्यामुळे, हे मात्र पक्कं. जुनं कवच टाकलं की ती पाणी पिऊन फुगते, त्या फुगलेल्या अंगावर नवं कवच धरतं, आणि मग आतल्या पाण्याच्या जागी मांस भरायला दिवस लागतात. या मधल्या काळात पकडलेली कुर्ली दिसायला पैलवान आणि कालवणात नुसतं पाणी. म्हणून जाणकार माणूस तिथी विचारत बसत नाही. तो कुर्ली उलटी करतो आणि पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबतो. कवच दबलं तर परत टोपलीत, टणक लागलं तर पिशवीत. पौर्णिमेच्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक कमी, दर नरम, आणि हा इसम शांतपणे एकेक कुर्ली दाबून बघत उभा. चंद्राच्या बदनामीवर कुणी नफा कमावला असेल तर याने.

शहरातल्या हौशी गळवाल्यांना एवढं साधं चालत नाही. त्यांना सिद्धांत लागतो. तोही आहे. जॉन ऑल्डन नाइट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1926 मध्ये तो मांडायला घेतला आणि 1936 मध्ये त्याची कोष्टकं छापली. चंद्र डोक्यावर असताना आणि बरोब्बर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असताना मासे जोरात खातात. चंद्र उगवताना आणि मावळताना जरा बेताने खातात. पहिल्याला मेजर म्हणायचं, दुसऱ्याला मायनर. आता ही कोष्टकं मोबाईलमध्ये आली आहेत. आपलं गाव टाकलं की आजच्या दिवसाला पाचपैकी किती मासे ते चित्रासकट दाखवतात. राशिभविष्यात आणि यात फरक एवढाच, की राशिभविष्य खोटं ठरलं तर आपण संध्याकाळी जेवतो तरी.

पुण्याजवळच्या एका धरणावर हा मोबाईल मी कामाला लागलेला पाहिला आहे. निवृत्त साहेब, घडीची खुर्ची, तीन भागांत जोडायची काठी, परदेशातून मुलाने पाठवलेली रीळ, डोक्यावर खिशाखिशांची टोपी. मेजर सव्वाचारला होता. साहेब अगदी वेळेवर हजर. पलीकडे दगडावर वस्तीवरचं एक पोरगं बसलं होतं. त्याच्याकडे काठी नव्हतीच. काडीला गुंडाळलेली तंगूस, एक गळ, आणि प्लास्टिकच्या डबीत कणकेचा गोळा. ते चिमूटभर कणीक मळून गळाला लावायचं, तंगूस गोल फिरवून भिरकावायचं, बोटावर घ्यायचं, आणि मिनिटाभरात तळहाताएवढी चिलापी ओढायची. साहेबांनी त्याला चंद्र समजावून सांगितला. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "काका, ऊन उतरलं की खातात." साहेब म्हणाले, "तो योगायोग." धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी म्हणण्यासारखी काही नसते, आणि चिलापीला बहुधा हा सिद्धांत कळवलेला नाही. पण साहेबांना मेजर संपेपर्यंत, म्हणजे दोन तास, फोन न घेता बसता आलं. घरून येणाऱ्या फोनला "आत्ता नको, मेजर चाललाय" हे उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते दहा किलोचा कटला लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मला दिसलेलं नाही.

चंद्राची तिथी पाळणारे मासेच नसतात असं मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रुनियन नावाचा मासा आहे. तो पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर तीन-चार रात्री मोठ्या भरतीच्या लाटेवरून थेट वाळूवर येतो, अंडी घालतो आणि पुढच्या लाटेबरोबर परत जातो. पंचांग नाही, भटजी नाही, मुहूर्त चुकत नाही.

पण माझं मत विचाराल तर या सगळ्या जिवांत चंद्र सगळ्यात जोरात ओढतो तो मासे खाणाऱ्याला. आषाढी अमावास्या घ्या. घरोघरी दिव्यांची पूजा होते आणि त्याच रात्री श्रावणाच्या भीतीने अख्खा महाराष्ट्र गटारी साजरी करतो. मासळी खाण्याचा वर्षातला सगळ्यात मोठा मुहूर्त, आणि तो पुष्कळदा पडतो जुलैत. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद! म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना मासे हवेत, त्या दिवशी होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपलेल्या. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला उठते म्हणून तिकडची सुरमई बर्फात बसून येते आणि कोकणी माणूस तिचे डोळे बघत बघत, नाराजीने का होईना, दोन तुकडे जास्त खातो.

मग ऑगस्ट उजाडतो. बंदी उठते, होड्या सुटतात, मासळी मुबलक. आणि गिऱ्हाईक? ते श्रावणात! पूर्वी तर सरकारनेच हा घोळ चंद्रावर सोपवला होता : 10 जूनला सुरू झालेली बंदी नारळी पौर्णिमेला किंवा 15 ऑगस्टला, जे आधी येईल तेव्हा उठायची. राष्ट्रीय सण आणि चंद्र यांची अशी शर्यत लावणारं दुसरं सरकार माझ्या पाहण्यात नाही. त्या पौर्णिमेला दर्याला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ देऊन होडी लोटली, तरी पुढे पंधरा दिवस श्रावण असतोच. तो संपतो न संपतो तोच गणपती.

या गणिताचा अभ्यास कुणी केला असेल तर तो मासळी विकणाऱ्या बायकांनी. किनाऱ्यावर लिलावाला उभी राहिलेली बाई टोपलीवर बोली लावते, ती मासा आणि पंचांग अशी दोन्ही बघून. सोमवार अर्ध्या गावाचा उपासाचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, त्यात मार्गशीर्ष असला तर बोलूच नका. शनिवारी मारुती. एकादशी, संकष्टी वेगळ्या. खाणाऱ्यांचे हक्काचे दिवस उरले बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि त्यावर पुन्हा उधाण आणि भांग. हे सगळं डोक्यात धरून तीन सेकंदांत आकडा बोलायचा असतो.

मागच्या एका रविवारी मी हे जवळून पाहिलं. मंगळवारी अंगारकी होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या वहिनींनी पापलेटाचा कल्ला उघडून बघितला, लाल निघाला, तरी नाक मुरडलं.

"आज दर खूपच सांगताय मावशी. मला नको. उद्या सोमवार, परवा अंगारकी. बुधवारी घेईन, तेव्हा स्वस्त होईल."

"बुधवारी पंचमी," मावशी कोयतीवरचं पाणी निपटत म्हणाल्या. "भांग लागतलो. पापलेट येवचा नाय, आणि इला तर ह्या दरान गावचा नाय."

वहिनींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मंगळवारी रात्री चंद्र बघेपर्यंत उपाशी राहायचं आणि बुधवारी त्याच चंद्रापायी पैसे जास्त मोजायचे, हे त्यांच्या लक्षात येत चाललेलं दिसलं.

"मग आजच देता का दोन? फ्रीजमध्ये ठेवते."

"आज व्हया तर हेंका देवन झाल्यार उरले तर," मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "बुधवारचा राखूक व्हया आसात तर शंभर रुपये आताच ठेव."